सबनीसबाई आणि जव्हारची हवा

सबनीसबाईंसमोर ‘यंदा फार उकडतंय’ असं म्हणायची सोय नव्हती. स्टाफरूममध्ये कुणी चुकून बोलून गेलं, की बाई हातातला कप तसाच धरून गर्रकन वळायच्या.

“यंदा म्हणजे? कशापेक्षा? गेल्या वर्षीपेक्षा, तुमच्या लहानपणापेक्षा, की आज सकाळपेक्षा?”

बोलणारा बिचारा रुमालाने मान पुसत असे. उकाड्यावर दोन शब्द बोलून त्याला पुढच्या तासाला जायचं असे आणि बाईंना त्याची उलटतपासणी घ्यायची असे. नव्याने लागलेले शिक्षक पहिल्याच उन्हाळ्यात शहाणे होत. बाई खोलीत असताना भातावर बोलावं, बदल्यांवर बोलावं, निवडणुकीवर बोलावं, पण उकाड्याचं नाव काढू नये.

गंमत म्हणजे जव्हारची हवा तापत चालली आहे याची धास्ती आमच्यापैकी कुणालाच बाईंइतकी नव्हती. आम्ही चार घामाचे महिने कुरकुरायचो आणि पहिल्या सरीबरोबर विसरून जायचो. बाई विसरत नसत. भर पावसात, माळावर धुकं उतरलेलं असताना, शेजारून चालता चालता मध्येच म्हणायच्या, “गारवा आहे, पण पूर्वीचा नाही. म्हणजे मला तसं वाटतंय. वाटण्याला काही अर्थ नाही म्हणा.” आणि त्या अर्थ नसलेल्या वाटण्याने पुढचा सगळा रस्ता अस्वस्थ असायच्या.

जव्हारच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि मी मराठी. नलिनी सबनीस हे पूर्ण नाव, पण ते फक्त हजेरीपटावर. मूळच्या नाशिककडच्या. यजमान इथल्या एका कार्यालयात बदलून आले, त्यांच्यामागे त्या आल्या. यजमान फार लवकर गेले. पदरात मृणाल नावाची लहान मुलगी. माहेरचे न्यायला आले होते, पण बाई जव्हारातच राहिल्या.

अंगकाठी किरकोळ, चाल मात्र अशी, की बरोबर निघालेला माणूस दहा पावलांत मागे पडे. चहा उभ्यानेच प्यायच्या. वर्गात खुर्ची असायची, तिच्यावर पर्स बसायची. शिकवताना फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून शेवटच्या बाकापर्यंत सतत येरझारा. बोलता बोलता भिंतीला तळहात लावून बघायची सवय होती. भिंत, बाक, दगड, एस.टी.चा पत्रा, जे दिसेल ते. एकदा बँकेत रांगेत उभ्या असताना त्यांनी तिथल्या खांबाला हात लावून ठेवला होता. रखवालदाराने विचारलं, “बाई, चक्कर येतेय का?” बाई म्हणाल्या, “मला नाही, खांबाला येत असेल.”

अशा भिंगरी बाईंना एका जागी बांधून ठेवणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे शाळेच्या मैदानातली पांढरी पेटी.

चार पायांवर उभी असलेली, चारी बाजूंनी झडपा असलेली लाकडी पेटी. आत दोन तापमापक. एक दिवसातलं सर्वांत जास्त तापमान धरून ठेवणारा, दुसरा सर्वांत कमी. जुन्या मुख्याध्यापकांनी ती कुठल्याशा योजनेतून आणवली होती. अशा पेट्या त्या काळी आणखीही शाळांना मिळाल्या होत्या म्हणे. त्यांचं काय झालं, कुणाला माहीत. आमची टिकली, कारण बाई टिकल्या. रोज सकाळी आणि रोज दुपारी ठरल्या वेळेला त्या पेटीचं दार उघडत, डोळा काचेच्या सरळ रेषेत आणत, श्वास रोखत, आणि आकडा टिपून घेत. रविवार असो, दिवाळी असो, अंगात कणकण असो. मृणालचं लग्न त्यांनी जव्हारातच करायचं ठरवलं, ते कशासाठी हे आम्हाला लग्नाच्या दिवशी कळलं. जेवणाच्या पंगती चालू असताना वधूची आई शालू सावरत मैदानाकडे निघाली होती. व्याही मंडळींना वाटलं, काही रुसवाफुगवा झाला. मी त्यांना समजावलं, की येतील, पेटी बघून येतील. त्यांना ते अजिबात समजलं नाही.

“एका दिवसाचं ऊन ही बातमी असते,” त्या मुलांना सांगत. “हवामान म्हणजे काय हे कळायला निम्मं आयुष्य एका जागी काढावं लागतं.” मुलं वहीत लिहून घेत. बाई खरोखरच तसं करताहेत, हे मात्र आमच्याही ध्यानात फार उशिरा आलं.

एकदा संस्थेने मैदानात पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरवलं. अध्यक्ष बाबूशेठ. बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं मोठं दुकान. शाळेवर जीव, आणि शाळा चकाचक दिसावी याची हौस. ब्लॉकचा ट्रक आला तेव्हा बाई पेटीशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. बाईंना खुर्चीत बसलेलं पाहूनच आम्हाला कळलं, प्रकरण गंभीर आहे.

बाबूशेठ हसत आले. “बाई, पेटी उचलून तिकडे खाली कुंपणापाशी ठेवू. त्यात काय एवढं?”

“शेठ, तुमचं दुकान उचलून मागच्या गल्लीत ठेवलं, तर गिऱ्हाईक तेवढंच येईल?”

“नाही येणार.”

“मग आलेलं गिऱ्हाईक कमी झालं ते बाजार पडला म्हणून, की दुकान हललं म्हणून, हे तुम्हाला कसं कळणार?”

बाबूशेठ व्यापारी होते, त्यांना हे तत्काळ पटलं. पण ब्लॉकही आले होते. शेवटी असा तह झाला, की पेटी जागेवरच राहील आणि तिच्याभोवती ब्लॉक बसतील. बाईंनी ओळखीच्या सुताराकडून अगदी तशीच दुसरी पेटी करवून घेतली आणि ती खाली कुंपणाजवळच्या गवतावर ठेवली. आता त्या दोन्हीकडे जाऊ लागल्या. दोन्ही पेट्या काही वर्षं एकाच वेळी वाचल्या, की जागेचा फरक किती आणि हवेचा किती, हे वेगळं काढता येईल, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच उन्हाळ्यात ब्लॉकवरची पेटी तापलेल्या तव्यासारखे आकडे दाखवू लागली.

त्याच सुमारास एक वार्ताहर आला. जव्हार म्हणजे थंड हवेचं ठिकाण, आणि तिथे असा आकडा! त्याला मथळा दिसत होता. त्याने मोबाइलमध्ये पेटीचा फोटोही काढला.

“हा आकडा छापू नका,” बाई म्हणाल्या.

“पण बाई, खरा आहे ना?”

“खरा आहे, पण ब्लॉकचा आहे. जव्हारचा नाही. जव्हारचा खाली गवतात आहे.”

त्याने खाली जाऊन पाहिलं. तो आकडा त्याला बेचव वाटला. “बाई, उष्णता वाढतेय हे तुम्हीच म्हणता. मग लोकांना जरा धक्का बसला तर काय बिघडलं?”

“धक्का ओसरतो,” बाई म्हणाल्या, “आणि मग कुणीतरी येऊन म्हणतो, ती पेटी तर फरशीवर होती. त्यानंतर माझं खरंही कुणी ऐकणार नाही.”

वार्ताहर बातमी न घेताच गेला. बाई दिवसभर मैदानात फेऱ्या मारत होत्या. आपण बरोबर केलं याची खात्री होती, आणि तरी एक संधी हातची गेली याची चुटपुट लागली होती. त्या दोन्हींच्या मध्ये त्यांचं असंच चालायचं.

आकड्यांनी समाधान होईना, तेव्हा त्यांनी माणसांना विचारायचं ठरवलं. एका रविवारी सकाळचं वाचन उरकून बाई, मी आणि आमच्या विज्ञानाच्या शिक्षिका मंगल गावित असे तिघे सूर्यमाळला गेलो. मंगल मूळची वांगणीची. बाईंचीच विद्यार्थिनी आणि आता सहकारी. आम्हा सगळ्यांत बाईंशी तोंडावर बोलू शकणारी ती एकटीच. दुपारचं वाचन त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मदतनिसाकडे होतं आणि बाईंनी त्याला निघण्यापूर्वी इतक्या सूचना दिल्या, की तो पार घाबरून गेला होता.

पहिल्या पाड्यावर आंब्याखाली चार म्हातारी माणसं बसली होती. मंगलने त्यांच्या बोलीत ओळख करून दिली. बाईंनी विचारलं, “आजोबा, तुमच्या लहानपणी थंडी आत्तापेक्षा जास्त पडायची का?”

“व्हय बाय. लय थंडी,” आजोबा म्हणाले. बाकीच्यांनीही माना हलवल्या. “जाळाजवळनं उठवत नसं.”

बाईंचा चेहरा उजळला. पण थोडं पुढे गेल्यावर त्यांची पावलं मंदावली. काहीतरी टोचत होतं. दुसऱ्या पाड्यावर त्यांनी प्रश्न फिरवला. “पूर्वी आत्तापेक्षा जास्त उकडायचं का हो?”

“व्हय बाय. लय उकडायचं,” तिथल्या आजी तितक्याच आपुलकीने म्हणाल्या.

मंगलने पदर तोंडाला लावला. बाई क्षणभर बघत राहिल्या आणि मग अशा काही हसल्या, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजींनाही हसू फुटलं.

“बाई,” मंगल म्हणाली, “तुम्ही एवढ्या लांबून उन्हातून आलात. तुम्हाला नाही कसं म्हणायचं त्यांनी?”

आजींनी बाईंना घोटभर पाणी दिलं. ते पाणी किती लांबून आणलंय हे तिथल्या कोरड्या विहिरीकडे पाहिल्यावर कळत होतं. बाई ते घेईनात, तेव्हा आजींना राग आला. मग प्यायल्या. निघताना आजी म्हणाल्या, “गरमीचं लिवून न्या बाय, पन त्ये टँकरवाल्याला बी सांगा. त्यो खालनंच माघारी जातो. वर येईतच नाय.”

परतीच्या वाटेवर, मोखाड्याच्या अलीकडे बाई अचानक म्हणाल्या, “मीही तेच करते का सर? मला जे ऐकायचंय तेच त्या पेटीला विचारते का?”

मंगल म्हणाली, “पेटीला पाहुणचार करता येत नाही बाई.”

पुढचे काही दिवस बाई शाळेच्या फोनवरून टँकरसाठी भांडत होत्या. कुणाशी, किती वेळा, ते आम्ही मोजलं नाही. टँकर वरच्या पाड्यापर्यंत जाऊ लागला, असा निरोप मंगलच्या एका नातेवाइकाकडून आला. तो बाईंच्या फोनमुळे, की आणखी कशामुळे, याची खात्री नसल्याने बाईंनी त्याचं श्रेय घेतलं नाही.

शाळेच्या वरच्या मजल्यावर पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या होत्या. पटसंख्या वाढली तेव्हा घाईने बांधलेल्या. तिथे आठवीच्या मुली बसायच्या. बऱ्याचशा वसतिगृहातल्या, पोशेऱ्याकडच्या, वांगणीकडच्या. एप्रिलात वार्षिक परीक्षेच्या आधीच्या दिवसांत त्या खोल्यांत उभं राहवत नसे. मुली बाकावर डोकं टेकून ग्लानीत पडून असत. एका दुपारी एकीचा घोळणा फुटला, सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर रक्त सांडलं. पोरगी रक्ताला नाही, कागद खराब झाला म्हणून रडत होती.

बाईंनी सगळा वर्ग उठवून खाली ग्रंथालयासमोरच्या पडवीत आणला, वरच्या खोल्यांना कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. पडवीत गोंगाट झाला, तक्रारी झाल्या, आणि संस्थेची बैठक बोलावली गेली. पत्र्याखाली छत घालावं आणि समोरासमोर खिडक्या काढाव्यात, एवढंच बाईंचं मागणं होतं.

बैठकीच्या आधी मंगल त्यांना म्हणाली, “बाई, ब्लॉकवरच्या पेटीचे आकडे दाखवा. कुणाला कळणारेय?”

“मला,” बाई म्हणाल्या.

बैठकीत त्यांनी खालच्या पेटीचं आणि जुन्या वर्षांचं सगळं मांडलं. बाबूशेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तुम्ही मोजायला लागल्यापासून आजपर्यंत वर्षाच्या सरासरीत वाढ किती?”

बाईंनी सांगितली. कुणीतरी हसलं.

“एवढीच?” बाबूशेठ म्हणाले. “बाई, एवढा फरक तर माझ्या घरात ओटी नि माजघरात असतो.”

“शेठ, ही एका दुपारची वाढ नाही. सगळ्या वर्षातल्या सगळ्या दिवसांना आणि रात्रींना वाटून दिल्यावर एवढी उरते.”

“अहो, मग एकेका दिवसाच्या वाट्याला येणार तरी किती!”

सगळे हसले. मीही हसणार होतो, पण बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांची सकाळ-दुपार ज्यात घातली, तो आकडा टेबलावर पडला होता आणि तो कुणालाही मोठा वाटत नव्हता. त्यांनी फार समजावलं. सरासरी एवढीशी हलते तेव्हा तिच्या टोकांना काय होतं, रात्री निवत नाहीत तेव्हा छपरं सकाळपासूनच कशी तापलेली असतात, हे सगळं. ते खरं होतं आणि कुणाच्याही डोक्यात शिरत नव्हतं. शेवटी त्यांनी कमरेची किल्ली काढली.

“वर चला. तिथे बसून काय ते ठरवू.”

मंडळी वर गेली. भर दुपार होती. बाबूशेठ मुलींच्या बुटक्या बाकावर बसले. बाईंना वाटलं, पाच मिनिटांत उठतील. पण बाबूशेठ हट्टी निघाले. सदरा पाठीला चिकटला, टोपीखालून घामाचे ओघळ आले, तरी ते ढिम्म. “आम्ही याच्याहून वाईट खोल्यांत शिकलो,” ते म्हणाले. “बोला बाई, ऐकतोय.”

बाई फळ्यापाशी उभ्या राहून बोलत राहिल्या. बोलता बोलता त्यांचा आवाज एकदम खाली आला. हात फळ्याची कड शोधू लागला. ती सापडायच्या आत त्या खाली कोसळल्या.

पहिले उठले ते बाबूशेठ. आपल्या टोपीने त्यांना वारा घालत ते ओरडत होते, “पाणी आणा! अरे पाणी आणा कुणी!” दोघातिघांनी बाईंना उचलून खाली पडवीत आणलं. शुद्धीवर आल्यावर बाईंनी पहिल्यांदा किती वाजले ते विचारलं, आणि दुपारच्या वाचनाची वेळ टळली नाही हे कळल्यावर उठायला लागल्या. बाबूशेठनी त्यांना अक्षरशः दटावून खाली बसवलं. त्या दिवशी दोन्ही पेट्या मंगलने वाचल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही खोल्यांना छत बसलं, खिडक्या झाल्या. सगळं जव्हार म्हणू लागलं, बाई जिंकल्या. बाई मात्र त्या विजयाने बेजार झाल्या होत्या. चारआठ दिवस तगमग करून त्या एका सकाळी बाबूशेठच्या दुकानात गेल्या. मी बरोबर होतो.

“शेठ, एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी माझा उपास होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मला चक्कर उकाड्यानेच आली असं मी म्हणू शकत नाही.”

बाबूशेठनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि बाईंकडे बराच वेळ पाहिलं. “मग काय करू बाई? छत परत काढू?”

“नको.”

“मग चहा घ्या.”

बाईंनी चहा घेतला. उभ्यानेच. रस्त्यात मला म्हणाल्या, “आकड्याला चक्कर येत नाही सर. तीच तर अडचण आहे.”

बाई निवृत्त झाल्या, त्यांच्यानंतर काही वर्षांनी मीही झालो. त्या रोज शाळेत येतच राहिल्या. आमची घरं एकाच आळीत, त्यामुळे त्यांची सकाळची लगबग मला ओट्यावरून दिसे. मृणाल पुण्याला. ती बोलवायची, या म्हणायची. तिच्या बाळंतपणाला बाई दोन दिवस जाऊन परत आल्या. “खंड पडतो हो,” एवढंच आम्हाला म्हणाल्या. वर्षानुवर्षांची ओळ अशी मध्येच तुटली, की तिच्या दोन्ही बाजू दुबळ्या होतात, हे त्यांनी मला अनेकदा समजावलं होतं. मृणालला त्यांनी ते समजावलं होतं की नाही, माहीत नाही.

अलीकडच्या एका एप्रिलात मृणाल अचानक जव्हारला आली. मुलाला नवऱ्याकडे ठेवून एकटीच. मी पाहायला गेलो तर ओळखू येईना. चेहरा उतरलेला, चालताना पोटावर हात. दोन महिन्यांपूर्वी तिचं मोठं ऑपरेशन झालं होतं. आईला कळवलंच नव्हतं. आता ताकद भरून यावी म्हणून लहानपणच्या गार हवेत राहायला आली होती.

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. “मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर आली असतीस,” मृणाल शांतपणे म्हणाली. “आणि दुसऱ्या दिवसापासून बसच्या वेळा बघत बसली असतीस. तेव्हा माझ्यात ते बघायची ताकद नव्हती गं.”

बाई स्वयंपाकघरात गेल्या, भांडी इकडची तिकडे केल्याचा आवाज आला. मग बाहेर आल्या, चपला घातल्या आणि निघून गेल्या. दुपारची वेळ झाली होती.

मृणाल माझ्याकडे बघून म्हणाली, “बघितलंत काका?”

त्या मुलीला जव्हारात बरं वाटलं नाही. रात्री घर निवत नव्हतं. ती या कुशीवरून त्या कुशीवर होऊ पाही, पण ऑपरेशनची जागा तिला कुशीवर होऊ देत नसे. बाई तिचा पलंग आज खिडकीपाशी, उद्या मागच्या दारापाशी, परवा ओटीवर असा फिरवत होत्या. ओले पडदे लावले, जमिनीवर पाणी शिंपलं. बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेली गोष्ट आता त्यांच्याच घरात झोपेवाचून तळमळत होती.

चौथ्या की पाचव्या सकाळी मी पेज घेऊन गेलो. माझ्या पत्नीने मृणालसाठी केली होती. मृणाल ओट्यावर मानेभोवती ओला पंचा गुंडाळून बसली होती, डोळे तांबारलेले.

“आई,” ती म्हणाली, “इथं गार असायचं ना गं? मे महिन्यात पण गोधडी घ्यायचो आपण. का मला उगाच तसं आठवतंय?”

मी मनातून दचकलो. वाटलं, आता बाई विचारणार, कुठल्या वर्षी, कितवी तारीख, कशापेक्षा गार. बाई मुलीजवळ ओट्यावर टेकल्या.

“असायचं,” त्या म्हणाल्या.

“मोजून सांगतेयस?”

“मोजूनही. आणि नुसतंही.” मग थोड्या वेळाने, “तुझ्या अंगावरची गोधडी मी पहाटे सारखी करायचे. तू पाय बाहेर काढायचीस आणि मग कुडकुडायचीस.”

मृणालने आईच्या खांद्याला डोकं टेकलं. मी पेजेचं भांडं उंबऱ्यात ठेवून परत फिरलो.

दोनच दिवसांत ठरलं, की मृणालने पुण्याला परत जायचं. तिथे निदान थंड हवेचं यंत्र होतं. आणि बाई बरोबर जाणार होत्या, परत यायची तारीख न ठरवता. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्या अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. मी विचारलं नाही, पण त्याच म्हणाल्या, “तिचं एक आजारपण मी हुकवलं सर. ते आता कुठून भरून काढू?”

मंगलने पेट्या वाचायचं कबूल केलं. जाण्याच्या आदल्या दिवशी बाई तिला घेऊन मैदानात उभ्या होत्या. डोळा सरळ रेषेत हवा, काचेवर श्वास सोडायचा नाही, दार आधी हळूच उघडायचं, वगैरे वगैरे. हे सगळं मंगलला शाळकरी वयापासून पाठ होतं, तरी ती ‘हो बाई, हो बाई’ करत ऐकत होती. मध्येच बाई थांबल्या.

“जमेल तेवढं कर. तुलाही घर आहे, पोरंबाळं आहेत. एखादा दिवस नाही जमला तर तिथली जागा मोकळी सोड. अंदाजाने भरू नकोस, एवढंच.”

“मोकळी दिसली तर तुम्हाला वाईट वाटेल ना बाई?”

“वाटू दे,” बाई म्हणाल्या.

त्यानंतर बाई जव्हारला आलेल्या नाहीत. मंगल वाचते आहे. तिच्या ओळीत मध्ये मध्ये मोकळ्या जागा आहेत, आणि त्या तिने बाईंना फोनवर सांगितलेल्या आहेत. मृणाल आता बरी आहे. बाई नातवाला शाळेत पोचवायला जातात आणि तो मागे पडतो, अशी त्याची तक्रार आहे म्हणे.

पण मला आठवते ती त्या सकाळची गोष्ट. भाड्याची गाडी दाराशी आली. मृणाल मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी झाली. बाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. मी आणि मंगल निरोप द्यायला उभे होतो. गाडी आळीतून निघाली, आम्ही मागोमाग आळीच्या तोंडाशी आलो, तोवर ती शाळेच्या रस्त्याला लागली आणि कुंपणाच्या कोपऱ्याशी एकदम थांबली. सकाळच्या वाचनाची वेळ होत आली होती. पुढचं दार उघडलं, बाई खाली उतरल्या.

“आल्या परत!” मंगल दबक्या आवाजात म्हणाली. तिने माझा दंड घट्ट धरला होता.

बाई रस्त्यात उभ्या राहिल्या. तिथून मैदान स्पष्ट दिसतं. त्यांनी तिकडे पाहिलं की नाही, त्यांची पाठ आमच्याकडे असल्याने आम्हाला कळलं नाही. मग त्या गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि मागचं दार उघडलं. वाकून आत काहीतरी बोलल्या, उशी उचलून पुढच्या सीटवर टाकली आणि उशीच्या जागी आपण बसल्या. मागच्या काचेतून दिसलं, मृणालचं डोकं खाली कलतं झालं आणि आईच्या मांडीवर टेकलं. दार ओढून घेतल्याचा आवाज आला. गाडी निघाली आणि विक्रमगडच्या रस्त्याला वळली.